गळ्याचं माप

यंदाही उसाला तुरे आले. कोरेगावच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली, डांबरावर कांडी सांडायला लागली, आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, तो कच्चा, गोडूस वास घरात शिरायला लागला. लोकांना या वासानं बरं वाटतं. हंगाम आला म्हणजे हातात चार पैसे येणार, लग्नं उरकणार, घरांवर स्लॅब पडणार. मी मात्र दार पुन्हा लोटून घेते. गेल्या हंगामात लागलेली ही खोड अजून गेलेली नाही.

परवा मी खुंटीवरचा पट्टा काढला. चामड्याचा, गळ्यात घालायचा, बाहेरच्या अंगाला खिळे असलेला. येणारे-जाणारे विचारतात, "कुत्र्याचा हाय का?" मी म्हणते, "न्हाई, नवऱ्याचा." ते हसतात. हसू देत. आपापल्या नवऱ्याच्या गळ्याचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या बायकोनं बघावं.

मी मुळातच भित्री. माहेर माझं जतकडचं, कानडी मुलुखाला लागून. तिथं टँकर येईल तेव्हा पाणी आणि ढग येईल तेव्हा ज्वारी. माझ्या बाची मेंढरं होती. पण तिथली भीती निदान लांबून दिसायची. माळावर लांडगा निघाला तर पार क्षितिजापासून त्याचे कान दिसत. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगी बागायतीत पडली, नशीब काढलं. इथं आले आणि बघते तर काय, घराच्या तिन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस. वारा आला की सगळीकडून कुजबुज. आत कोण आहे, काय आहे, काही कळायला मार्ग नाही. नवी नवरी असताना मला हिरव्या रंगाचीच भीती वाटायची. माझी आई निरोपाला दारात उभी राहून म्हणाली होती, "अंजब्याड." आमच्याकडं घाबरू नको म्हणायचं झालं की असंच म्हणतात. आमच्या ह्यांनी सासुरवाडीचा तेवढाच एक शब्द उचलला आणि आजतागायत चुकीच्या सुरात म्हणतात.

आमचे हे फौजेत होते. गावात सगळे त्यांना फौजीच म्हणतात. पण बंदूकवाले नव्हेत, खोगीरवाले. डोंगरात सामान वाहणाऱ्या खेचरांची पलटण होती, तिथं खोगिरं शिवायची, दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. पेन्शनीत आले तेव्हा पेटीत आरी, रापी, दाभण, मेण, शिंगाच्या पट्ट्या असं सगळं घेऊन आले. शेत होतंच, पण हात रिकामे राहिले की हे चिडायचे. मग ओसरीवर चामडं पसरून बसायला लागले, आणि बघता बघता मला शिकवलं. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या आणि एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या, म्हणजे एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. ती शिवण मला ह्यांच्यापेक्षा बारीक जमायला लागली. ते मान्य करत नाहीत, पण बारीक काम आलं की माझ्याकडं सरकवतात.

शेजारच्या बांधावरच्या आक्काताईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. म्हणाल्या, "फौजी, शेतकऱ्याच्या घरात चामडं बरं न्हाई दिसत." हे म्हणाले, "आक्का, तुमच्या पायातलं काय केळीच्या पानाचं हाय व्हय?" तेव्हापासून आक्काताई चपलेचा अंगठा तुटला की आमच्याच ओसरीवर येऊन बसतात.

गेल्या वर्षी ऊस असाच तुऱ्यावर असताना कर्नलसाहेबांचा फोन आला. हे ज्यांच्या हाताखाली होते ते. आता पुण्यात असतात. त्यांची सिगार ठेवायची जुनी चामडी पेटी फाटली होती आणि तसली त्यांना पुन्हा हवी होती. तीन सिगार शेजारी शेजारी झोपतील अशी, चामडं त्यांच्यावर हातमोज्यासारखं बसलेलं, वरून सरकणारं घट्ट टोपण. सिगार काही मी बघितलेली नव्हती. आमच्याकडं विडी, मिश्री आणि तंबाखू, एवढाच पसारा. ह्यांनी आंगठा पुढं केला. "एवढी जाड. आन् लांबीला ही एवढी," म्हणून वीत पसरली, मग बोट जरा आत घेतलं. "सायेब पेटवायचं तवा खेचरंसुदिक शिंकायची."

हे चामडं म्हणजे साधं बाजारातलं नव्हे. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं रेडकाचं चामडं, कोल्हापूरकडून ओळखीनं आणलेलं. पाण्यात बुडवलं की आधी बुडबुडे सोडतं. बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं. मग ते कणकेसारखं ऐकतं. साच्यावर घालून शिंगाच्या पट्टीनं दाबत दाबत खाचा पाडायच्या, फळ्यांत आवळायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. उन्हात ठेवायचं नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही. घाई केली की तडकतं. सावकाश वाळलं की ज्याच्यावर बसवलं त्याचाच आकार धरतं, आणि पुन्हा भिजवीपर्यंत सोडत नाही.

आता साच्याला लाकूड लागतं. सुतार उद्या देतो म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उजाडेना. मला कल्पना सुचली. फडात गेले, शेंड्याकडची आंगठ्याएवढी बारीक कांडी तोडून आणली, तीन शेजारी शेजारी बांधली आणि ओलं चामडं त्यांच्यावर बसवून फळ्यांत आवळलं. दारात एवढा ऊस असताना सुताराच्या पाया कशाला पडायचं? मी स्वतःवर लय खूश होते. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. दाबानं रस पाझरला होता आणि गावातली प्रत्येक मुंगी आमच्या ओसरीवर जेवायला आली होती. तरी मी हट्टानं वाळू दिलं. फळ्या सोडल्या तेव्हा पेटीवर चिकट डाग होते, आणि सिगारीच्या प्रत्येक खाचेवर उसाच्या पेरांची वळी स्पष्ट उठली होती. ह्यांनी पेटी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. "सायबाच्या सिगारीला पेरं कवापासनं आली गं?" म्हणाले, आणि इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पेटी हलवली तर आत खुळखुळ वाजली. ऊस वाळून करंगळीएवढा बारीक झाला होता. चामडं मात्र पहिल्या दिवशीच्या मापावर ठाम होतं. ती वाया गेलेली पेटी ह्यांनी स्वतःला ठेवली, तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवायला.

त्याच आठवड्यात टिप्या गेला. टिप्या आमचा कुत्रा, दारात बांधलेला असायचा. सकाळी उठून बघते तर साखळी नुसती पडलेली. उसाला पाणी नेणाऱ्या दंडाच्या चिखलात ठसे होते. थोडे टिप्याचे, आणि मग टिप्याचे संपून नुसतेच दुसरे. मोठे, गोल, नखं न उमटलेले. हे तंबाखू मळत उभे राहिले. "बिबट्या हाय," म्हणाले. पोस्टमन येऊन गेला म्हणावं तसं म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला थारा राहिला नाही. गावाच्या ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ. कुठला कोण जाणे, पण खाली लिहिलेलं असायचं, आपल्याच कालव्याजवळचा. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली. पिंजऱ्यात बांधलेली शेळी दिवसभर ओरडायची आणि तिचं ओरडणं थांबलं की मला जास्त भीती वाटायची. बायका वैरणीला चौघीचौघी जायला लागल्या. आक्काताई तर एका हातात विळा आणि एका हातात स्टीलचं ताट घेऊन निघायच्या, दर पावलाला ताट बडवत. लांबून वाटावं, बारशाला निघाल्यात. हसायला यायचं, पण हसता हसता मी मागं वळून बघायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागं तो घराच्या तिन्ही बाजूंना उभा होता.

वनखात्याचा एक शहाणा माणूस समजावून सांगून गेला. बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, आणि तो मागून मानेवर येतो. तेव्हा शेतात वाकू नका. अहो, वाकल्याशिवाय पाणी पाजता येतं का? एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. आमच्याकडं त्याला दारं मोडणं म्हणतात. तिथं सगळं काम वाकूनच. त्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की हे जेवून, कानाला मफलर गुंडाळून, खोरं खांद्यावर टाकून त्या उसात जायचे, आणि सकाळी त्यांच्या खोकल्याचा आवाज अंगणात येईपर्यंत मी जिवंत नसायचे.

मला भीती वाटली की मी भांडते. रडायला जमत नाही, पटकन तोंडच सुटतं.

"जाऊ नका म्हनलं ना? जळू दे तो ऊस."

"जळू दे काय? वरीसभर वाढवलाय त्यो."

"मोटर चालू करून घरात बसा."

"आन् पानी एकाच सरीत तुंबंल त्याचं? दारं काय तुझा बिबट्या मोडनार हाय?"

"माझा नगा म्हनू त्याला!"

"अंजब्याड," म्हणायचे आणि जायचे. त्या चुकीच्या सुरातल्या शब्दाचा मला तेव्हा इतका राग यायचा की काय सांगू.

एका दुपारी ओसरीवर बसले होते. समोर उरलेल्या चामड्याचा तुकडा होता, साहेबांच्या दुसऱ्या पेटीसाठी राखलेला. बघता बघता मला बाचे कुत्रे आठवले. माळावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात बा चामड्याचा रुंद पट्टा बांधायचा, खिळ्यांची टोकं बाहेर काढून. लांडगा धरतो तो गळाच. पट्टा असला की लांडग्याच्या तोंडात खिळे जातात आणि कुत्रा वाचतो. बा म्हणायचा, कुत्रं दांडगं असून भागत नाही, गळा झाकलेला पाहिजे. मी उठले, बादली भरली, चामडं पाण्यात सोडलं आणि ह्यांना हाक मारली.

"आगं, सायबाचं चामडं हाय त्ये!"

"सायबाच्या मागं काय बिबट्या लागलाय? बसा हितं."

स्टुलावर बसवलं. शर्ट काढायला लावला. सूर्य उसामागं चालला होता आणि अंगणात पिवळा उजेड होता. ह्यांची मान म्हणजे फौजेत कमावलेली मान. जाड, उन्हानं भाजलेली, डाव्या बाजूला खेचर चावल्याची जुनी खूण. शर्टाचं वरचं बटण त्यांना जन्मात कधी लागलं नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते उघडंच आहे. मी गार, ओलं चामडं मागून पुढं गुंडाळलं. "आयला, गार!" म्हणून ओरडले. मी दोन्ही आंगठ्यांनी दाबत दाबत आले, कानाखालच्या खळग्यात, खांद्याच्या वळणावर, नरड्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंनी. "आवंढा गिळू नका," म्हटलं की लगेच गिळायचे. चामड्याखाली शीर उडत होती, ती माझ्या आंगठ्याला लागत होती. एवढ्या पातळ कातड्याखाली माणूस असतो, आणि तोच घेऊन हे रोज उसात वाकतात, हे मला त्या वेळी हाताला कळलं. मी उगाच ओरडले, "हलू नका म्हनलं ना!" हे हललेच नव्हते.

चामडं जरा ताठरेपर्यंत तसेच बसून राहिले, शेळीसारखे गरीब. मग मी ते अलगद काढलं, आत जुनं लुगडं गुंडाळून भरलं आणि सावलीत ठेवलं. वाळल्यावर खिळे ठोकले, आतून मऊ अस्तर शिवलं, पुढं बांधायला चामड्याची वादी लावली. वादीला मी दोन-तीन भोकं पाडणार होते. हे म्हणाले, "एकच पाड. दोन पाडली की मानूस सैल बांधतो." एकच पाडलं. पट्टा गळ्यात बसला तो असा की पुढं दोन कडांमध्ये बोटभर फट, आणि बाकी कुठं वाऱ्यालाही जागा नाही. आक्काताईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "फौजी, आता राखन कर आन् भुंक बी!" आठ दिवसांनी त्याच आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शालन, आमच्या ह्यांना बी एक शिव की गं."

माघात आमच्या फडाला तोड आली. टोळी सकाळपासून ऊस पाडत होती आणि दुपारी एकदम कोयत्यांचे आवाज थांबले. हे तिथंच होते. मी चप्पल न घालता धावले. सगळे गोल करून उभे होते आणि मधे वाळल्या पाचटात बिबट्याची दोन पिल्लं होती. मांजराएवढीही नव्हती, डोळे नुकतेच उघडलेले, आणि माझ्यासारखीच थरथरत होती. वनखात्याची माणसं आली, पिल्लं एका क्रेटमध्ये ठेवली, आम्हाला सगळ्यांना लांब नेलं. सकाळी क्रेट रिकामं होतं. आई येऊन घेऊन गेली होती.

हे मात्र त्या पाचटाजवळ किती तरी वेळ उभे राहिले होते. तिथून चार पावलांवर ते सरीची दारं मोडायचे. "म्हंजी ती हितंच व्हती," म्हणाले. "बाळंतीन. मी वाकलो की बगत आसंल." तिनं ह्यांचा खोकला ऐकला असेल, तंबाखूचा वास घेतला असेल, आणि जाऊ दिलं. मी बांधावरच बसले. घरी आल्यावर हे पट्टा खुंटीला अडकवत म्हणाले, "बग, कायच कामाला आला न्हाई." मी म्हटलं, "त्येच त्याचं काम व्हतं." औंधच्या यमाईला नवस बोलले होते, तो फेडून आलो. हे पायऱ्या चढून माझ्या आधी वर पोहोचले आणि वरून मला चिडवत राहिले.

साहेबांची पेटी उन्हाळ्यात झाली. नवं चामडं आणि बाभळीचा साचा. टोपण असं बसलं की ओढताना हवा फुस्सकन निघायची. पोहोचल्यावर साहेबांचा फोन आला. काम फार आवडलं म्हणाले, पण डॉक्टरांनी सिगार बंद केलीय. आता नुसती पेटी उघडतो, वास घेतो आणि मिटतो. हे तोंडातली तंबाखू गालात सरकवून खूप हसले.

पुढचं सगळं मी आता एकेक करून आठवत बसते. नवरात्रात औंधला गेलो तेव्हा हे अर्ध्या पायऱ्यांवर थांबले. "जरा गाव बगतो," म्हणाले. मी म्हटलं, बघा. दिवाळीत नवा शर्ट घातला आणि वरचं बटण लागलं. आक्काताई म्हणाल्या, "फौजी कसा सायबासारका दिसतोय!" मलाही बरं वाटलं. मी तर दृष्ट काढली. भाकरी सोडून हे दूध-भात मागायला लागले, तेव्हा मी वयाला हसले. डोळे माझे सगळा वेळ उसाकडं होते. कुठं पान हललं, कुठं पाऊल उमटलं, हेच बघत होते.

तर परवा मी पट्टा खुंटीवरून काढला. तेल लावलं, खिळे पुसले. ह्यांना त्याच स्टुलावर बसवलं आणि वादी भोकाच्या पुढं ओढून बांधली. पुढची बोटभर फट कुठंच नव्हती. दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या आणि तरी पट्टा हातातल्या बांगडीसारखा गळ्याभोवती गोल फिरला.

"सैल पडलं आसंल चामडं," हे म्हणाले. "पावसाळा खाल्लाय त्यानं."

मलाही तेच हवं होतं. देवाशपथ, मी चामड्याला दोष द्यायला निघालेच होते. मग ह्यांच्या खिशातली तंबाखूची पेटी दिसली. तिनंही तोच पावसाळा काढला होता, घामात, दमट हवेत, खिशात. तिच्यावरची उसाची पेरं जिथल्या तिथं होती. एक वळीसुद्धा हललेली नव्हती. चामडं दोन्हीचं एकाच कातड्यातलं. मी पेटीकडं बघितलं, ह्यांच्या गळ्याकडं बघितलं, आणि फळ्या सोडल्यावर आत खुळखुळलेला तो वाळका ऊस मला ऐकू आला.

"घास गिळताना दुकतंय का?" मी विचारलं.

हे उसाकडं बघत राहिले. "दुकत न्हाई. जरा अडकतंय."

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं आसंल."

मी जे तोंड सोडलं ते संध्याकाळपर्यंत. तंबाखूची पेटी अंगणात भिरकावली. खेचरांपासून कर्नलसाहेबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी आमची मनीषा, ती मिरजेला नर्सचं शिकते, तिला फोन लावला. तिलाही ओरडूनच सांगितलं. ती म्हणाली, "आई, आधी ओरडायचं थांब. बाबांना उद्या घेऊन ये." आणि मग तिचाच आवाज फुटला.

कोरेगावहून सकाळच्या गाडीनं मिरजेला गेलो. रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, काही उभा, काही पडलेला. मी खिडकीतून सगळी वाट तो बघत होते आणि मला त्याची जरासुद्धा भीती वाटत नव्हती. आत काय असेल ते असू दे. माझ्या शेजारी खिडकीला टेकून हे झोपले होते, आणि शर्टाची कॉलर त्यांच्या मानेपासून लांब उभी होती.

दवाखान्याच्या दारातला माणूस पिशवीतला पट्टा बघून दचकला. "हे काय आहे, बाई?" मी म्हटलं, "माप हाय." मनीषानं त्याला काहीतरी समजावलं. आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. वजन केव्हापासून कमी होतंय, विचारलं. आमच्याकडं उसाचं वजन होतं, माणसाचं कोण करतंय? मी पट्टा काढून ह्यांच्या गळ्यात घातला. म्हटलं, "गेल्या हंगामात ह्यो घट्ट बसत व्हता." बाईंनी पट्टा आणि गळा यांच्यामधे बोटं घातली. ती सहज आत गेली. मग पट्टा बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही आंगठ्यांनी मान चाचपली, कानाखालच्या खळग्यात, खांद्याच्या वळणावर, घाटीच्या दोन्ही बाजूंनी. जिथं जिथं मी दाबलं होतं तिथं तिथं. एका ठिकाणी आंगठा थांबला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. घशाच्या आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवलाय. कळवतो म्हणाले.

घरी येऊन आता आम्ही फोनची वाट बघतोय. फोन वाजला की मी उचलत नाही, हे उचलतात. कुणी तरी लोनवाला असतो. पहिल्यांदाच मला लोनवाल्यांचा राग येत नाही. तंबाखूची पेटी मी अंगणातून उचलून आणली, रिकामी केली, आणि ह्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली. फेकवत नाही.

आज सकाळी आक्काताई ताट बडवत आल्या. कालव्याच्या अंगाला पुन्हा वाघरू दिसलंय म्हणे, बिबट्याच. लाईटचा आठवडा रात्रीचा आहे. "शालन, फौजीला पट्टा घाल गं," म्हणाल्या. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मी बरं म्हटलं. पाण्याला मी गडी सांगितलाय, पण हे ऐकणाऱ्यातले नाहीत. आक्काताई गेल्यावर स्वतःच स्टूल ओढून अंगणात बसले, शर्टाचं बटण काढलं आणि पट्टा माझ्यापुढं धरला.

"भिजीव की परत. नव्या मापाला बशीव. एका सांजंचं तर काम हाय."

एका संध्याकाळचंच काम आहे, मला ठाऊक आहे. बादली भरलेली होती. पट्टा पाण्यात सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, आणि मग ते चामडं गेल्या वर्षीचा गळा सोडून देईल आणि समोर आहे तोच खरा मानेल. मी बादलीत हात घातला. पाणी गार होतं. हात तसाच बाहेर काढून लुगड्याला पुसला.

"अंजब्याड," हे म्हणाले. चुकीच्याच सुरात.

मी पट्टा त्यांच्या हातातून घेतला आणि कोरडाच खुंटीला अडकवला. म्हटलं, "ह्यो ऱ्हाईल हाय तसाच. तुमी मान परत आना."